चादरघाटच्या पुलावर बंद पडणारी गाडी

डिसेंबरातल्या एका सोमवारी, सकाळी साडेपाचला, आमची डिझेल गाडी हैदराबादेत चादरघाटच्या पुलावर मधोमध बंद पडली. धडपडली नाही, खोकली नाही. चालता चालता तिने मान टाकली, समोरचे तांबडे दिवे एकदम लागले, स्टिअरिंग जड झालं आणि आम्ही थांबलो. मागून येणाऱ्या सिटी बसच्या ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. पुलावर गाडी बाजूला घ्यायला जागा नाही. उजवीकडे दुभाजक, डावीकडे कठडा, कठड्याखालून येणारा मुसी नदीचा वास. मी किल्ली फिरवत राहिले आणि इंजिन नुसतं घरघरत राहिलं.

मागच्या सीटवर डावीकडे अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे माझे वडील; ऐंशी ओलांडलेले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. सरकारी गाडीत साहेब मागे डावीकडे बसतो, म्हणून तेही तिथेच बसत, गाडी पोटची मुलगी चालवत असली तरी. अंगात स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन तीन वर्षं झाली होती. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, सकाळची पहिली पाळी, आबिड्सजवळच्या डायलिसिस सेंटरमध्ये चार तास. सहाला पोचलं नाही तर पलंग दुसऱ्याला जायचा आणि आम्ही दुपारपर्यंत बाकावर. एक पाळी चुकली की पायांना सूज, दोन चुकल्या की छातीत पाणी. हे डॉक्टरांनी मला पहिल्याच महिन्यात कागदावर चित्र काढून समजावलं होतं.

मी चौथ्यांदा की पाचव्यांदा किल्ली फिरवत होते तेव्हा मागून अण्णा म्हणाले, "बाई, एक सांगू?"

मला ते लहानपणापासून बाई म्हणायचे. मी म्हटलं, "सांगा."

"मला आता डायलिसिस नको. पुरे झालं. डॉक्टरांना सांगून टाकू, की आम्ही थांबवतोय म्हणून."

बस अजून बोंबलत होती. काचा वर होत्या आणि आमच्याच श्वासाने आतून धुरकटल्या होत्या. मी आरशात पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते, जिच्यातून काही दिसत नव्हतं. आवाजात रड नव्हती, तक्रार नव्हती. एखादी फाइल बंद करायचा शेरा सांगावा तसं सांगितलं त्यांनी. थांबवलं तर आठवडा, फार तर दोन, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आणि यावर मी काय म्हणाले?

"बॅटरी असेल," मी म्हणाले.

मग दार उघडून बाहेर पडले.

त्या दिवशी आम्हाला सोडवलं एका ऑटोवाल्याने. त्याने स्वतःची ऑटो पुढे लावली, बॉनेट उघडलं, आत फिल्टरजवळ लिंबाएवढा रबरी फुगा होता तो दाखवला आणि म्हणाला, "गाडी एअर पकडी मॅडम. ये दबाओ. जब तक सख्त नहीं होता, दबाते रहो." मी दाबला. तीसेक वेळा दाबल्यावर तो फुगा गच्च झाला, मग किल्ली फिरवली आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली. डिझेलच्या पाइपात हवा शिरली की इंजिन उपाशी मरतं, हे मला तेव्हा कळलं. हवा कुठून शिरली हे त्याला विचारायचं मला सुचलं नाही. विचारलं असतं तर पुढचे तीन आठवडे वाचले असते.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा त्या दिवसांतला राग कळायचा नाही. मी पन्नाशी उलटलेली, बँकेत नोकरी करणारी, लग्न न केलेली बाई. आमचं घर मलकपेठेत, रेसकोर्सच्या अलीकडे. आई सहा वर्षांपूर्वी गेली. धाकटा भाऊ पुण्यात, संगणकाच्या नोकरीत, बायकोमुलांसह. तो वाईट नाही. दर रविवारी फोन करतो, दिवाळीला येतो, आणि माझ्यावर सोपवून निर्धास्त आहे. तीन वर्षं मी वारांवर जगत होते. लग्नाचं आमंत्रण आलं की आधी वार बघायचा. बढती आली ती विजयवाड्याची होती, नाही म्हणून लिहून दिलं. शाळेतल्या मैत्रिणी चार दिवस हंपीला निघाल्या, चार दिवसांत दोन डायलिसिस, राहू दे. कोणी विचारलं तर म्हणायचं, "काही नाही हो, आपलेच वडील." हे खरंच होतं. पण कधी कधी गाडीच्या आरशात ती कानटोपी दिसली की मनात यायचं, माझं आयुष्य या मागच्या सीटवर बसलंय आणि मला उतरायची परवानगी नाही. असं मनात आलं की लाज वाटायची. लाज वाटली की आणखी राग यायचा. इकडे आड, तिकडे विहीर.

टॅक्सी का नाही, असं सगळे विचारायचे. एकदा केली होती. डायलिसिसनंतर अण्णांचा रक्तदाब एकदम उतरला आणि ते त्या टॅक्सीत ओकले. ड्रायव्हर तेलुगूत काहीतरी पुटपुटला. अण्णांना तेलुगू उत्तम येतं. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत आणि नंतर म्हणाले, दुसऱ्याच्या गाडीत मी आता पाय ठेवणार नाही. म्हणजे ही पंधरा वर्षांची गाडी चालायलाच हवी होती.

बुधवारी ती पुन्हा बंद पडली. त्याच पुलावर, पंधरा-वीस हात अलीकडे. मधल्या मंगळवारी मी नवी बॅटरी बसवली होती.

"ताई, बॅटरीचा काय संबंध?" भाऊ फोनवर म्हणाला. "डिझेलला थंडीत हीटर प्लग लागतात. ते गेले असतील. पण हैदराबादला कसली आलीय थंडी?"

सकाळी साडेपाचला पुलावर ये, मग सांगते कसली, असं माझ्या तोंडावर आलं होतं. हीटर प्लग बदलले. शुक्रवारी गाडी घरासमोर एका फटक्यात सुरू झाली, मी मनातल्या मनात भावाची माफी मागितली, आणि पुलावर गाडी बंद पडली. मग त्याने मला एक व्हिडिओ पाठवला, फिल्टरमध्ये पाणी साचतं त्याचा. फिल्टर बदलला. सोमवारी पुन्हा तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो सगळा कारभार. बँकेजवळच्या गॅरेजवाल्याकडे दुपारी गाडी नेली की ती शहाण्या मुलीसारखी चालायची. तो तिला मलकपेठेपर्यंत पळवून आणायचा आणि म्हणायचा, "मॅडम, गाडीला काही नाही." त्याच्या नजरेत मला स्पष्ट दिसायचं की बिघाड गाडीत नसून बाईत आहे.

पुलावर मात्र आमचं एक ठरून गेल्यासारखं झालं. गाडी मान टाकायची. अण्णा म्हणायचे, "बाई." मी म्हणायचे, "एक मिनिट हं, अण्णा," आणि बॉनेट उघडून त्याच्या आड उभी राहायचे. फुगा गच्च झाला तरी दाबत राहायचे. पत्र्याच्या मागून ते मला दिसत नसत आणि मी त्यांना. हाताला डिझेलचा वास लागायचा, तो दुपारी कॅश काउंटरवरही जायचा नाही. आजूबाजूने गाड्या अंगाला घासून जायच्या, वरून एखादी शिवी यायची, आणि तरीही ती माझ्या दिवसातली सगळ्यात सुरक्षित जागा होती. वडिलांच्या एका वाक्याला भिऊन मी भर रस्त्यात उभी होते. हे मला कळत होतं. कळून काय उपयोग.

एका शुक्रवारी धुकं इतकं दाट होतं की उतरायची सोय नव्हती. समोर दोन हातांवरचं दिसत नव्हतं, मागून कोण येऊन ठोकेल सांगता येत नव्हतं. मी धोक्याचे दिवे लावले आणि आत बसून राहिले. वीस मिनिटं. टिकटिक, टिकटिक.

"तू ऐकलंस ना, मी परवा म्हणालो ते?" अण्णा म्हणाले.

"ऐकलं."

"मग?"

"उशीर होतोय, अण्णा. पलंग जाईल आज."

त्यांनी मांडीवरची पिशवी चाचपली. थोड्या वेळाने म्हणाले, "पिशवीत केळं आहे. खाऊन घे, तुझं पित्त वाढेल." मी केळं खाल्लं. मी त्यांना सरळ विचारू शकले असते की तुम्हाला काय होतंय, कशाने नको झालंय. पण मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर मला हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. हो म्हणजे मी त्यांना मारलं. त्यातही, मला सुटायचं होतं म्हणून मारलं, असं माझ्या मनानेच मला आयुष्यभर ऐकवलं असतं. नाही म्हणजे आणखी सोमवार, आणखी बुधवार, सुयांनी गाठी आलेला तो हात, आणि त्यांच्या डोळ्यांतलं ते थकलेलं सौजन्य. म्हणून मी गाडी दुरुस्त करत होते.

शेवटी एका शनिवारी मी रेसकोर्सच्या भिंतीमागच्या गल्लीत गेले. तिथे एक म्हातारे मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. पांढरी दाढी, चष्म्याला दोरी. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही, आधी मला विचारलं, "कब बंद पडती? ठंडी में की गरम हुए बाद?"

तीन आठवड्यांत हा प्रश्न विचारणारे ते पहिले.

"सुबह. घर से निकलके पाच-सात मिनिट में. दुपहर में कुछ नहीं होता," मी म्हटलं.

"तो दुपहर में देखके क्या फायदा? रात भर यहीं छोड देव. सुबू सुबू देखेंगे, जब उसकू ठंड लगती."

घरी येऊन हे सांगितलं तर अण्णा म्हणाले, मीही येतो. नको म्हटलं तर हट्ट धरला. माझी गाडी आहे, मला बघू दे. रविवारी सकाळी सहाला आम्ही दोघं चालत निघालो. अर्धा किलोमीटर, वाटेत दोनदा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून. रेसकोर्सवरचे घोडे फेऱ्या मारून परतत होते, त्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या. अण्णा थांबून ते बघत राहिले. मला थंडीची, त्यांच्या छातीची, उशिराची, सगळ्याची काळजी लागली होती. त्यांना कसलीच घाई नव्हती.

उस्तादांनी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. अण्णांनी आदाब केला, उस्तादांनीही केला, आणि दोघांचं उर्दू सुरू झालं. अण्णांची पिढी हैदराबादच्या उर्दू शाळेतली. मराठी ही त्यांची देवाची, जेवणाची, रागावण्याची भाषा. कामाचं, आजाराचं, कोर्टाचं सगळं उर्दूत. आमच्या घरात कठीण गोष्ट कधी ज्याची त्याला सांगितली जात नाही. ती घरी आलेल्या तिसऱ्या माणसाला उर्दूत सांगायची आणि ज्याची आहे त्याने बाजूला बसून ऐकायची, ही आमची रीत. आजोबांनी शेत विकायचं ठरवलं ते आजीला कळलं, कारण ते वकिलांना बैठकीत सांगत होते तेव्हा ती पडद्यामागे सुपारी कातरत होती. आईला कॅन्सर आहे हे अण्णांनी फॅमिली डॉक्टरांना सांगितलं, आईसमोर, उर्दूत. आईने ते ऐकून घेतलं आणि सगळ्यांना चहा ठेवला. बाहेरच्यांना हे वेडगळ वाटेल. आम्हाला त्यात सोय वाटायची. ऐकणाऱ्याला लगेच उत्तर द्यावं लागत नाही.

उस्तादांनी डिझेलच्या पाइपाचा एक काळा तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी जोडली आणि गाडी सुरू केली. मला म्हणाले, "मॅडम, ये पकडके रखो. नजर नक्को हटाव. बुलबुला दिखा तो बोलो." मी दोन्ही हातांनी ती नळी धरून बॉनेटखाली वाकून उभी राहिले. डिझेल पिवळसर, चहाच्या फिकट पाण्यासारखं वाहत होतं. इंजिनाची खडखड चालू होती आणि अण्णांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते नेहमीसारखं मोठ्याने बोलत होते. माझ्या पाठीमागे, चार हातांवर.

"हफ्ते में कित्ते बार जाते, बडे साब?" उस्तादांनी विचारलं.

"तीन बार. तीन साल हो गए."

"भोत तकलीफ होती?"

"तकलीफ की तो आदत हो गई. अब जी नहीं चाहता. मैं पिछले साल ही बंद कर देता."

"फिर कायकू जारे?"

मी नळीकडे बघत होते. हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

"इस बच्ची के लिए," अण्णा म्हणाले. "इसका घर में और कोई नहीं. मेरे लिए इसने न तरक्की ली, न कहीं गई. मैं चला जाऊँ तो सुबह उठकर किसके लिए गाडी निकालेगी? इससे पूछता हूँ तो जवाब नहीं देती. मैं समझ गया, अभी तैयार नहीं है. तो मैं जाता हूँ. सुइयाँ लगवा लेता हूँ."

उस्तादांनी हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "आप ये बात इनोंकू बोले क्या?"

"आपसे बोल रहा हूँ ना. वो सुन रही है."

मी ऐकत होते. माझे हात नळीवर, डोळे नळीवर, आणि डोळ्यांत पाणी भरल्यामुळे नळी दिसत नव्हती. तीन वर्षं मी समजत होते की मी यांच्यासाठी कोंडून घेतलंय. आणि हा माणूस, आठवड्यातून तीन वेळा, सुया टोचून घेत, माझ्यासाठी कोंडून घेऊन बसला होता. मी त्यांची राखण करत होते आणि ते माझी. दाराला कडी कुणीच लावली नव्हती. मला हसावं की रडावं कळेना. राग मात्र आला, तोही खराखुरा. एवढं होतं तर मराठीत बोलायला काय झालं होतं, असा. आणि लगेच आठवलं की मराठीत ते पुलावरच बोलले होते, आणि मी बॅटरी असेल म्हणाले होते.

"मॅडम, बुलबुला?"

बाहीने डोळे पुसून पाहिलं. पिवळ्या डिझेलातून बारीक बारीक बुडबुडे येत होते, एकामागून एक, मग मोठे. "आया," मी म्हटलं. पुढच्या क्षणाला इंजिन बंद पडलं. घरापासून पूल जितका लांब, तेवढाच वेळ झाला होता.

उस्ताद बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले. म्हणजे हातातली विजेची बॅटरी, माझी ती फुकट गेलेली नव्हे. पाइपावर बोट फिरवत फिरवत टाकीकडच्या सांध्याशी आले आणि थांबले. "या अल्ला. ये कौन किया?"

मी वाकून पाहिलं. दोन पाइप जोडले होते तिथे क्लिप नव्हती. तिच्याऐवजी सुतळी गुंडाळलेली, नीट, एकसारखे वेढे, आणि वरून पांढरा सफेदा थापलेला. नळाच्या कामात प्लंबर लावतात तोच. वाळून त्याला केसासारख्या भेगा गेल्या होत्या.

अण्णा खुर्चीचा हात धरून उठले. "मैंने," ते म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात गाडीखाली डिझेलचा थेंब पडताना त्यांना दिसला होता. मी बँकेत होते. मला सांगितलं तर मी गॅरेज शोधणार, रजा काढणार, चिडणार. म्हणून एका मंगळवारी ते स्वतः चटई टाकून गाडीखाली झोपले, त्या वयात, तो हात सांभाळत, आणि चाळीस वर्षं पाटबंधारे खात्यातल्या पंपांचे सांधे ज्या पद्धतीने बंद करून घेतले त्याच पद्धतीने हाही केला. पाण्याला ते चालतं. पाणी बाहेर यायला बघतं, सुतळी फुगते आणि वाट बंद करते. इथे गाडी चालू असताना पाइप आत ओढत होता. थंडीत रबर आकसायचं, भेग उघडायची आणि थेंब बाहेर यायच्याऐवजी हवा आत जायची. दुपारी ऊन लागलं की रबर सैल होऊन भेग पुन्हा मिटायची. उस्तादांनी हे समजावलं तेव्हा अण्णा विद्यार्थ्यासारखे मान हलवत होते. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तुला महिनाभर पुलावर उभं केलं मी."

"अण्णा, तुम्ही मला सांगायचं होतं," मी म्हटलं. मी सांध्याबद्दल बोलत नव्हते. तेही समजले.

"हो," ते म्हणाले. "आणि तू विचारायचं होतंस."

नवा पाइप आणि दोन क्लिपा लागल्या. येताना अण्णा त्यांच्या जागी मागे बसले.

सोमवारी सकाळी पाचला मी त्यांच्या खोलीत गेले. ते कपडे करून पलंगाच्या कडेला बसले होते, पायमोजे हातात. रात्रभर मी वाक्य जुळवत होते, मराठीत, आणि ते जुळत नव्हतं. शेवटी जेवढं आलं तेवढं बोलले.

"अण्णा, आज जायचं का?"

तीन वर्षांत हे मी पहिल्यांदा विचारलं. इतके दिवस मी "चला" म्हणत होते.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पायमोजा चढवायला लागले. "आज जाऊ," म्हणाले. "परवा पुन्हा विचार."

गाडी पूल ओलांडून कोठीकडे वळली तेव्हा मला कळलंही नाही. सेंटरवर आम्ही वीस मिनिटं आधी पोचलो.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो फोनवर ओरडला. ताई, असं विचारतं का कोणी, तू थकली आहेस म्हणून तू त्यांना सुचवते आहेस. हे माझं स्वतःला आधीच ऐकवून झालं होतं, त्यामुळे दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं त्यामानाने सोपं गेलं. तो आला, आठवडाभर राहिला, बुधवारी स्वतः गाडी चालवली. जायच्या आदल्या दिवशी त्याने स्वतः त्यांना विचारलं, आणि त्यांनी त्यालाही सांगितलं, आज जाऊ. रात्री तो स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभा राहून भांडी पुसत होता. म्हणाला, "ताई, विचारत राहा. मला फक्त लगेच कळव." डॉक्टरांनाही सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, हक्क त्यांचा आहे, शेवटी श्वासाला त्रास होऊ नये याची औषधं आपण घरी ठेवू.

मी विचारत राहिले. आठवड्यातून तीनदा. कधी ते लगेच हो म्हणत, कधी चहा होईपर्यंत उत्तर नसे. विचारलं की मी उत्तर येईपर्यंत दारातच थांबायचे आणि "जाऊ" ऐकलं की पळत गाडी काढायला जायचे. मला त्यांनी जगावं असं इतकं वाटतं, हे मला त्याच महिन्यांत कळलं. आधीच्या तीन वर्षांत कळायला फुरसतच नव्हती. मधल्या मंगळवारी, गुरुवारी आम्ही सुलतान बाजारला जायचो, ते गाडीतच बसायचे आणि मी पेरू आणून द्यायचे, जे किडनीमुळे त्यांना चालत नसत. एक फोड खायचे, बाकी मला.

एप्रिलात ऊन तापलं. एका शुक्रवारी पाचला मी विचारलं, तेव्हा ते उठून बसलेही नव्हते.

"आज नको, बाई," म्हणाले.

मी दारातच उभी राहिले. मग आत जाऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला, ज्या हाताला सुया टोचायचे त्या हातात, आणि विचारलं, "तुला चालेल ना?"

मी हो म्हटलं. ते खोटं होतं, त्यांना ते कळलं, आणि तरी त्यांनी ते माझ्याकडून घेतलं.